एक पॉइंट म्हणजे किती?

"ज्या वस्तूला वजन नाही, लांबी नाही आणि आकारमानही नाही, ती वस्तू या जगात कोणी कोणाला विकू शकत नाही!" असं काटेसाहेबांनी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून जाहीर केलं. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला असं काही जाहीर करायचा अधिकार आहे, हे कोणीही मान्य करील. फक्त त्या वेळी त्यांच्या डोक्यावर रिसॉर्ट कंपनीने फुकट दिलेली टोपी होती, हातात त्याच कंपनीचं पेन होतं आणि समोर त्याच कंपनीचा अर्ज अर्धा भरून पडला होता.

"मग तीस वर्षं विम्याचे हप्ते भरलेत, ते काय किलोवर घेत होतात?" बायकोने विचारलं.

"विमा वेगळा."

"बरं. टोपी काढा आणि बसा. जेवण निवतंय."

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हे. ते नाव बाजाराने ठेवलेलं. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की 'काटेसाहेब आले' अशी कुजबुज एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पळत जायची आणि ते पोचेपर्यंत सबंध गल्लीतली वजनं प्रामाणिक झालेली असायची. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना निरोपाचं भाषण दिलं आणि अधिकार काढून घेतला. नाव तेवढं त्यांच्या मागोमाग घरी आलं. तेव्हापासून ते घरातल्या घरात निरीक्षण करत. दुधाची पिशवी, साबणाची वडी, शिंप्याने परत आणलेली पँट, काहीही त्यांच्या मापातून सुटत नसे. बायको तेवढी सुटली होती, कारण ती एका जागी उभीच राहत नसे.

आता या माणसाच्या घरात पॉइंट कसे शिरले, ते सांगायला हवं.

त्या रविवारच्या आठवडाभर आधी परदेशातून मुलीचा फोन आला. अडीच महिन्यांनी ती येणार होती, चार वर्षांत पहिल्यांदाच. बरोबर जावई आणि साडेतीन वर्षांची नात. सुट्टी अकरा दिवसांची. त्यातले चार दिवस सासरी, सात इकडे. नात जन्मली, रांगली, चालायला लागली, बोलायला लागली, ते सगळं आजी-आजोबांनी फोनच्या काचेतून पाहिलेलं. आजोबांना कंबरेखाली पाय असतात, याची त्या मुलीला कल्पना होती की नाही, कोण जाणे.

घर दोन खोल्यांचं. जावई सहा फूट दोन इंच. हा आकडा ऐकीव नव्हे. लग्न ठरलं त्याच दिवशी काटेसाहेबांनी त्याला दाराच्या चौकटीशी उभा करून मोजला होता. मागच्या मुक्कामात तो बाहेरच्या खोलीत आडवा झाला, तर पाय स्वयंपाकघरात गेले. पहाटे दुधाला उठलेली सासू त्या पायांना अडखळली, दुधाची पिशवी जावयाच्या पोटरीवर फुटली, आणि तो बिचारा झोपेतच 'सॉरी आई, सॉरी आई' म्हणत राहिला. तो प्रसंग घरात कोणी काढत नसे. त्यामुळे तो सगळ्यांच्या लक्षात होता.

फोन ठेवल्यावर बायको काटेसाहेबांसमोर येऊन उभी राहिली. खरोखर उभी राहिली, एका जागी.

"हे बघा. सात दिवस आहेत. सात दिवस सगळ्यांनी एका छपराखाली राहायचं, आणि कोणाचे पाय कोणाच्या स्वयंपाकघरात नकोत. खिडकीतून पाणी दिसायला हवं. आणि मी सात दिवस ओट्याकडे पाठ करून बसणार. लग्न झाल्यापासून मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही."

हे तितकंसं खरं नव्हतं. एकदा तिने स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा मागितला होता. काटेसाहेबांनी त्याची रीतसर चौकशी केली, चार दुकानांत त्याचा व्यास मोजला, पात्यांचा कोन तपासला, आणि पंखा सहाव्या वर्षी लागला. तोवर मुलीचं शिक्षण संपत आलं होतं. बायकोने पंख्याचं नाव काढलं नाही. नुसती वर भिंतीकडे बघून आत गेली. त्या नजरेचा अर्थ स्पष्ट होता: नात सहा वर्षं थांबणार नाही.

त्याच आठवड्यात तळमजल्यावरचे विमावाले वर आले. हे गृहस्थ कोणाच्याही घरी सुखदुःखात पहिले हजर, आणि दोन्ही प्रसंगी खिशात अर्ज. आता वयोमानाने त्यांनी विमा सोडला होता, पण सल्ला सोडला नव्हता.

"काटेसाहेब, हॉटेलबिटेल विसरा. पॉइंट घ्या! रिसॉर्टचे पॉइंट. एकदा घेतले की पंचवीस वर्षं दरसाल जायचं. तळ्याकाठी, डोंगरात, म्हणाल तिथे. रविवारी त्यांचं सादरीकरण आहे, खाणं फुकट, वर भेटवस्तू. फक्त नवराबायको दोघांनी जायचं."

"दोघांनी कशाला?"

"एकट्याला पटवला तर घरी गेल्यावर दुसरा मोडतो. त्यांचाही अनुभव आहे ना!"

रविवारी सकाळी दोघं गेली. मोठा हॉल, गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक टायवाला. यांच्या टायवाल्याने आधी नातीचं वय विचारलं, मग फोटो बघितला, मग डोळे पुसल्यासारखं केलं. मग त्याने पडद्यावर लाल, पांढरे आणि निळे आठवडे दाखवले. लाल म्हणजे हंगाम, तेव्हा पॉइंट जास्त जातात. निळा म्हणजे तिकडे कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा कमी. पांढरा मधला.

काटेसाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग खिशातून मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "एक पॉइंट म्हणजे किती?"

"सर, पॉइंट म्हणजे स्वातंत्र्य."

"असेल. स्वातंत्र्याचं एकक काय?"

टायवाला हसला. काटेसाहेब हसले नाहीत. टायवाला उठला आणि त्याहून रुंद टाय असलेला एक माणूस घेऊन आला. त्या हॉलमध्ये टायच्या रुंदीवर हुद्दा ठरत असावा, असं काटेसाहेबांनी मनात नोंदवलं. रुंद टायवाला म्हणाला, "सर, पॉइंट म्हणजे आठवणी."

"एका पॉइंटात किती येतात?"

मग त्याहूनही रुंद टायवाला आला. तो बसलाच नाही, मागे उभा राहून त्याने काटेसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमचं वय?"

"बासष्ट."

"म्हणजे सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत निश्चिंत! आणि त्याआधी काही... म्हणजे देव करो आणि तसं न होवो... तर पॉइंट वारसाने मुलीला जातात."

"आणि दरसालचं देखभाल शुल्क?"

"तेही जातं, सर."

काटेसाहेबांनी अर्ज अर्धा भरला, टोपी घेतली, पेन घेतलं, भेट म्हणून एक चाकांची निळी प्रवासी बॅग घेतली आणि विचार करून सांगतो म्हणाले. रुंद टायवाला म्हणाला, "सवलत फक्त आज आहे, सर." त्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टेबलावरचं पाणी मात्र बायकोने शांतपणे संपवलं.

घरी येऊन त्यांनी वर सांगितलेली घोषणा केली आणि जेवले.

दुपारी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले. डॉक्टर निवृत्त झाले होते, पण समोरच्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायची सवय राहिली होती. काटेसाहेबांनी 'पॉइंट' म्हटलं मात्र, त्यांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"साहेब, विकत घेऊ नका. माझे भाड्याने घ्या. त्या वर्षाचं देखभाल शुल्क तुम्ही भरा, बास. माझ्याकडे नऊशे साठ पडलेत."

"एवढे? म्हणजे तुम्ही बरेच वेळा जाऊन आलात म्हणायचं."

डॉक्टरांचा चेहरा भूल उतरत असल्यासारखा झाला. "अकरा वर्षांत एकदाही नाही. फोन केला की पॉइंट असतात, खोली नसते. खोली असते तेव्हा निळा आठवडा असतो. एकदा दोन्ही होतं, तर ही म्हणाली आधी बोहारणीला जुने कपडे देऊन मोकळी होते. ती परत आली तोवर खोली गेली."

"अहो, मग मला तरी कशी मिळणार?"

"तुम्ही काटेसाहेब. तुम्ही पिच्छा सोडत नाही म्हणतात."

झालं. एका बाजूला पंचवीस वर्षांचे स्वतःचे पॉइंट, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचे भाड्याचे. काटेसाहेबांची अवस्था तराजूच्या काट्यासारखी झाली. फरक इतकाच, की काटा काही वेळाने स्थिर होतो. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. अंघोळीला गेले की बादलीत पाणी सोडून 'घ्यावेत की भाड्याने' करत उभे राहत आणि पाणी उंबऱ्याबाहेर येई. जिन्यात विमावाले 'घ्या' म्हणत आणि डॉक्टर 'घेऊ नका' म्हणत, आणि दोघंही पुढच्याच वाक्यात म्हणत, 'पण घाई करा'.

घाई! घाईने तपासलेलं वजन म्हणजे न तपासलेलं वजन. खात्याचा एक दंडक होता. कोणताही काटा एकदा तपासून शिक्का मारायचा नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. लोखंड तापतं, निवतं, काट्याचा स्वभाव तासागणिक बदलतो. तिन्ही वेळची सरासरी काढायची आणि मगच शिक्का. काटेसाहेबांनी चौतीस वर्षं हा दंडक मोडला नव्हता. सादरीकरण तर सकाळचं झालं होतं. म्हणजे दुपारचं आणि संध्याकाळचं राहिलं.

"पुन्हा?" बायको म्हणाली.

"नियमच आहे."

"त्यांचा?"

"आमचा."

दुसऱ्या रविवारी दुपारी दोघं गेली. तेच खाणं, तोच पडदा, तोच फोटो बघून तेच डोळे पुसणं. निळी बॅग नंबर दोन. पुढच्या रविवारी टायवाले नव्हते, आणखी एक आठवडा गेला. त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी गेली, तेव्हा दारावरच्या रखवालदाराने "या, आत बसा, तुमचं नेहमीचं टेबल रिकामं आहे" म्हणून स्वागत केलं. आणि सगळ्यात रुंद टायवाल्याने माईक हातात घेऊन सबंध हॉलला सांगितलं, "आज आपल्यात एक असं जोडपं आहे, जे सभासद नसूनही सभासदांपेक्षा जास्त वेळा येतं!" हॉलने टाळ्या वाजवल्या. काटेसाहेबांनी ज्या शहरात दुकानदारांना माना खाली घालायला लावल्या होत्या, त्याच शहरात त्यांना मान कुठे ठेवावी कळेना. त्यांनी ती मेनूकार्डात घातली. बायकोने तिसरी बॅग घेतली, चाकं नीट फिरतात का ते बघितलं आणि म्हणाली, "हिचं हँडल बरं आहे."

तिन्ही तपासण्यांत किंमत वेगळी निघाली. दर वेळी 'सवलत फक्त आज' होती. आज हा एवढा एकच शब्द तिन्ही रविवारी अचूक एका मापाचा भरला. अशा मालावर शिक्का मारता येत नाही. सोमवारी सकाळी नऊ वाजता काटेसाहेबांनी निर्णय घेतला: डॉक्टरांचे पॉइंट भाड्याने. त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी स्वतःचं वजन करून बघितलं. होतं तेवढंच होतं.

मग डॉक्टरांचा सभासद क्रमांक, डॉक्टरांचा फोन आणि डॉक्टरांची लेखी संमती घेऊन त्यांनी कंपनीला फोन लावला. 'आपला फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे' हे वाक्य त्यांनी एकोणीस वेळा मोजलं. विसाव्या वेळी एक बाई बोलल्या.

"पाहुण्यांना पाठवायचंय का, सर? मग पाहुणेपत्र लागेल. ते पंचेचाळीस दिवस आधी घ्यावं लागतं."

काटेसाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"बाई, आज चव्वेचाळीस होतात."

"म्हणूनच म्हटलं, सर."

"अहो, एकच दिवस!"

"एक दिवस कमी म्हणजे कमी, सर."

फार वर्षांपूर्वी एका भुसारी दुकानदाराने हात जोडून त्यांना म्हटलं होतं, 'साहेब, दहाच ग्रॅम', आणि त्यांनी पावतीपुस्तक काढता काढता म्हटलं होतं, 'दहा ग्रॅम कमी म्हणजे कमी'. तो दुकानदार आता कुठे असेल? बहुधा सुखात असेल.

"पण सर," बाई म्हणाल्या, "सभासदाच्या स्वतःच्या नावाने त्या आठवड्यात तळ्याकाठची एक खोली दिसतेय. शेवटची. एकशे साठ पॉइंट जातील. लाल आठवडा आहे, घेतली की परत होणार नाही. दुसऱ्या लाइनवर पण कोणी तरी हीच बघतंय. घेऊ का?"

ज्या माणसाने पंख्याला सहा वर्षं लावली, त्याच्या डोळ्यांपुढे पंखा, नात, जावयाचे पाय आणि दुसऱ्या लाइनवरचा तो अज्ञात चोर एकदम येऊन गेले.

"घ्या!" काटेसाहेब ओरडले.

आयुष्यात विचार न करता घेतलेला हा त्यांचा पहिला निर्णय. तासाभरात त्याची लेखी पोच आली. खोली दोघांसाठी. सभासदाने जातीने हजर राहणं बंधनकारक. हंगामात जादा पाहुणे चालणार नाहीत.

थोडक्यात, चौतीस वर्षांचा अनुभव, तीन रविवार आणि तीन बॅगा खर्ची घालून काटेसाहेबांनी डॉक्टर आणि डॉक्टरीणबाईंची सहल ठरवली होती.

पोचेचा कागद घेऊन ते जिना चढून वर गेले. डॉक्टर रागावतील, पॉइंट भरून मागतील, कदाचित दात पाडतील. डॉक्टरांनी कागद वाचला. मग चष्मा काढून पुन्हा वाचला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, खोली मिळाली! तळ्याकाठी! लाल आठवडा!" आणि त्यांनी काटेसाहेबांना मिठी मारली. अकरा वर्षांचं दुखणं एका झटक्यात उपटलं गेल्यासारखे त्यांचे डोळे भरून आले. त्या मिठीत काटेसाहेबांनी दोनदा तोंड उघडलं, पण डॉक्टर आता तोंडात बघत नव्हते.

घरी येऊन बायकोला काय सांगायचं?

काटेसाहेबांनी काही सांगितलं नाही. आधी दुसरी सोय करू, मग सांगू, असं ठरवून त्यांनी हॉटेलांना फोन लावायला सुरुवात केली. पण लाल आठवडा एकदा लाल झाला की सगळीकडेच लाल. एक खोली रिकामी होती, तिच्या खिडकीतून पाणी दिसत नव्हतं, मोटारी धुण्याचं केंद्र दिसत होतं. नव्याने पॉइंट विकत घेऊ म्हणून त्यांनी स्वाभिमान गिळून टायवाल्याला फोन केला. तो म्हणाला, नवीन सभासदाला पहिली सुट्टी पुढच्या वर्षी. असे दिवस जात राहिले. मुलीचा फोन आला की ते स्नानगृहात जात. "बाबांचं पोट बरं नाही का गं, आई?" असं मुलगी विचारी. काचेत नात विचारी, "आजोबा कुठे गेले?" आणि आजोबा कडीला धरून आत उभे राहून ऐकत. एक दिवस ती म्हणाली, "मी तळ्यात बोट सोडणार. कागदाची. मी केलीय." काटेसाहेबांनी आतून नळ सोडला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

मुलगी यायला आठ दिवस उरले, तेव्हा मात्र लपवणं शक्य नव्हतं. बायको कपाट आवरत होती. ते तिच्यामागे जाऊन उभे राहिले.

"हे बघ, तुला एक सांगायचंय. सांगायला हवं होतं ते आधीच. म्हणजे प्रयत्न मी सर्वतोपरी केले. पण पंचेचाळीस दिवसांचा नियम, आणि त्यात आपला एक दिवस..."

"खोली डॉक्टरांच्या नावावर झाली."

"तुला कसं कळलं?"

"डॉक्टरीणबाई बॅग मागायला आल्या होत्या. पोच आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दोन दिल्या."

"म्हणजे महिनाभर तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू काही बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. पंख्यापेक्षा लवकर सांगितलंत."

काटेसाहेब मटकन खाटेवर बसले. बायकोने कपाटाच्या आतल्या खिळ्यावरून एक किल्ली काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. वरच्या मजल्याची किल्ली. डॉक्टर जाणार म्हणजे त्यांचं घर सात दिवस रिकामं. डॉक्टरीणबाईंनी आपण होऊन विचारलं होतं. अट एवढीच, की कुंड्यांना पाणी घालायचं.

"चला, बघून तर या," बायको म्हणाली.

डॉक्टरांचं घर म्हणजे यांच्याच घराचा एक मजला उंच जुळा भाऊ. त्याच दोन खोल्या, तेच दरवाजे. फरक दोनच. बाहेरच्या खोलीत मधोमध डॉक्टरांची दवाखान्यातली दातांची खुर्ची होती, दिवा आणि पाय ठेवायच्या पट्टीसकट. ती विकायला डॉक्टरांचा जीव होत नव्हता. बटण दाबलं की ती आडवी होऊन एवढी लांब व्हायची की काटेसाहेबांचा हात आपोआप मोजपट्टीकडे गेला. सहा फूट पाच इंच. जावयाचा प्रश्न, वर तीन इंच शिल्लक ठेवून, सुटला.

दुसरा फरक सज्जात. खालच्या मजल्यावरून समोरची भिंत दिसायची. इथून भिंतीपलीकडचं दिसत होतं. बायको कठड्याला टेकून उभी राहिली.

"तळं आहे की हे."

"ती पाणीपुरवठ्याची उघडी टाकी आहे," काटेसाहेब म्हणाले. "गाळायच्या आधीचं पाणी."

"पाणी आहे ना?"

"आहे. साधारण दोन कोटी लिटर."

"मग तळंच म्हणायचं ते."

"आणि तुझं ओट्याकडे पाठ करून बसणं?"

"इथला गॅस डॉक्टरीणबाईंनी बंद केलाय. इथे चूल पेटायचीच नाही. खालच्या ओट्याकडे मी सात दिवस बघणार नाही."

"मग स्वयंपाक कोण करणार?"

बायको नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू काटेसाहेबांच्या लक्षात आलं, की या रिसॉर्टला एक कर्मचारी कमी होता.

मुलगी आली, जावई आला, नात आली. नातीने काटेसाहेबांना पहिल्यांदा समोर पाहिलं, तेव्हा आधी तिने त्यांचे पाय बघितले आणि समाधानाने मान हलवली. मग त्यांच्या गालावर बोट ठेवून ते बाजूला सरकवून बघितलं. आजोबा सरकले नाहीत, आजोबाच राहिले. मग ती दातांच्या खुर्चीत चढून बसली आणि दिवसाला निदान चाळीस वेळा वरखाली झाली. रात्री त्याच खुर्चीत जावई पाय ताणून झोपला. "आई, मी आयुष्यात पहिल्यांदा सबंध झोपलो," असं त्याने सकाळी सांगितलं.

खाली काटेसाहेब स्वयंपाक करत होते. तांदूळ तराजूत, तेल मापात, मसाला औषधासारखा. पहिल्या दिवशी जेवण दोन वाजता वर गेलं, कारण तीन वेळा तपासणी झाली होती. दुसऱ्या दिवशीपासून मुलगी त्यांना 'मॅनेजर' म्हणायला लागली. जेवणाच्या वेळी काही हवं असलं की फोन वरून खाली यायचा, आणि काटेसाहेब एक मजला चढून ते पोचवायचे. विमावाले एकदा जिन्यात भेटले. हातात झाकलेलं पातेलं बघून म्हणाले, "काय ठरलं शेवटी? विकत की भाड्याने?" काटेसाहेबांनी पातेलं पुढे धरलं, म्हणजे वाट द्यावी लागेल.

चौथ्या दिवशी रिसॉर्टमधून डॉक्टरांचा फोन आला. खोली सुंदर, तळं सुंदर. "पण साहेब, सकाळच्या जेवणाला बोलावलं आणि एका हॉलमध्ये बसवलं. टाय घातलेली माणसं होती. एवढ्या वर्षांनी खोली मिळाल्याचा आनंद होता, तेव्हा मी आणखी तीनशे घेतले. चूक तर नाही ना केली?" काटेसाहेबांनी कुंड्यांना पाणी घातल्याचं सांगून विषय संपवला.

पाचव्या दिवसाची संध्याकाळ. खाली पातेल्यात भाजी शिजत होती. वरून पळापळ ऐकू येत होती. खुर्ची वर जात होती, खाली येत होती, जावई हसत होता, आणि त्यात बायकोचं हसणंही होतं. हा आवाज काटेसाहेबांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. तो कुठल्या मापात बसवावा याचा ते विचार करत होते आणि समोर भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं.

एकदम त्यांच्या हातातला डाव थांबला.

घड्याळ! वजन, लांबी, आकारमान, यांतच ते अडीच महिने चाचपडत होते. काळ त्यांच्या डोक्यातच आला नव्हता, कारण घड्याळं खात्याच्या अखत्यारीत येत नसत. त्यांनी जावयाच्या तिकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली. एका आठवड्याचे एकशे साठ पॉइंट. आठवड्याची मिनिटं दहा हजार ऐंशी. भागिले एकशे साठ. बरोबर त्रेसष्ट! बाकी शून्य. त्यांनी तीन वेळा भागून बघितलं. तिन्ही वेळा त्रेसष्ट, बाकी शून्य. जगात कोणत्याही टायवाल्याला न सांगता आलेलं उत्तर त्यांच्या हातात होतं: एक पॉइंट म्हणजे त्रेसष्ट मिनिटं.

आणि मग, सवयीने, त्यांनी शिल्लक काढली. मुलगी जायला दोन दिवस. उरले पंचेचाळीस, वर थोडे सुटे. त्यांनी भाजीकडे बघितलं. तिने आताच पाऊण पॉइंट खाल्ला होता.

काटेसाहेबांनी गॅस बंद केला. हात पुसले. पातेलं उचललं. वर जायचं, सगळ्यांना सज्जात त्या तळ्यासमोर बसवायचं आणि हा शोध सावकाश, पहिल्यापासून, नीट समजावून सांगायचा, असं त्यांनी ठरवलं. सुरुवातीचं वाक्यही तयार होतं: ज्या वस्तूला वजन नाही, लांबी नाही आणि आकारमानही नाही...

तेवढ्यात फोन वाजला. वरून बायको होती. मागे नातीचं खिदळणं आणि कुठेतरी कागदाची बोट कुंडीखालच्या ताटलीत तरंगत असल्याचं ओरडून सांगणं.

"मॅनेजर, येताय ना? जेवायला बसलोय सगळे. येताना चिमूटभर मीठ घेऊन या."

"हो, आणतो. आणि तुम्हा सगळ्यांना एक सांगायचंय..."

"आणि ऐका," बायको म्हणाली. "मोजू नका."